वाचकांचे प्रश्न : जुन्या मोटारीला नवी बॅटरी घेताना

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे बॅटरीविषयीची पत्रे वाढतात. उन्हाळ्यात आतून पोखरलेली बॅटरी पहिल्या गार, ओल्या सकाळी हात वर करते, आणि मग घाईघाईत, दुकानदार जी देईल ती घेतली जाते. म्हणून या वेळी सगळे प्रश्न एकाच विषयावरचे निवडले आहेत. पहिल्या प्रश्नाला मुद्दाम जास्त जागा दिली आहे, कारण बाकीच्या बऱ्याच शंकांचे मूळ त्यातच आहे.

प्रश्न : माझ्याकडे २००४ सालची मारुती ८०० आहे. गाडी उत्तम आहे, परंतु मी निवृत्त असल्यामुळे ती आठवड्यातून एकदाच, मंडईपर्यंत जाऊन येण्यापुरती बाहेर निघते. गेल्या चार वर्षांत दोन बॅटऱ्या बसल्या. आता दुकानदार म्हणतो, पस्तीसऐवजी पंचेचाळीस एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीतल्या साठ्याचे माप) मोठी बॅटरी टाका, कटकट मिटेल. टाकावी का? आणि कोणत्या कंपनीची घ्यावी? – एक वाचक, सातारा

उत्तर : मोठी बॅटरी टाकू नये, आणि दोष नक्की कुठे आहे हे कळेपर्यंत नवी बॅटरीही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चार वर्षांत दोन बॅटऱ्या गेल्या, याचा अर्थ दोन्ही बॅटऱ्या वाईट निघाल्या असा क्वचितच असतो. बहुधा गाडीतच असे काहीतरी चाललेले असते की कोणतीही बॅटरी तेथे टिकणार नाही.

थोडा हिशेब करून पाहू. सेल्फ मारताना लहान पेट्रोल इंजिन शंभर-सव्वाशे अँपिअर करंट ओढते, हे ऐकून पुष्कळांना वाटते की बॅटरी सेल्फमुळेच उतरते. प्रत्यक्षात हा ओढा दोन-तीन सेकंदांचाच असतो, आणि तेवढ्यात खर्च होतो तो साधारण एक दशांश एएच. इंजिन सुरू झाल्यावर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारे जनित्र, तो थोड्याच वेळात भरून काढतो. खरी गळती होते ती गाडी उभी असताना. आपल्या गाडीत नंतर बसवून घेतलेले रिमोटचे सेंट्रल लॉक, अलार्म किंवा म्युझिक सिस्टीम असेल, तर ही उपकरणे किल्ली काढल्यानंतरही थोडा थोडा करंट घेत राहतात. हा करंट तीस मिलिअँपिअर धरला, तरी आठवड्याच्या १६८ तासांत पाच एएच निघून जातात. मंडईची खेप जाऊन-येऊन वीस मिनिटांची, आणि त्या काळात बॅटरीत सरासरी दहा अँपिअर शिरतात असे उदारपणे मानले, तरी जमा होतात तीन-सव्वातीन एएच. म्हणजे दर आठवड्याला पावणेदोन-दोन एएचचा तोटा. दहा आठवड्यांत पस्तीस एएचच्या बॅटरीतला अर्ध्याहून अधिक साठा संपलेला असतो, आणि गाडी तर दर आठवड्याला व्यवस्थित सुरू होत असल्यामुळे आपल्याला याचा पत्ताही लागत नाही.

अर्धवट उतरलेल्या अवस्थेत बॅटरी महिनोन्महिने राहणे, हेच तिचे मरण आहे. उतरलेल्या बॅटरीत प्लेटांवर लेड सल्फेट जमते. लवकर चार्ज केले तर ते पुन्हा विरघळते, पण तसेच राहिले तर त्याचे कठीण स्फटिक होतात आणि मग कितीही चार्जिंग केले तरी प्लेटेचा तेवढा भाग कामातून गेलेला असतो. पंचेचाळीस एएचची बॅटरी घेतल्याने आठवड्याचा तोटा कमी होत नाही, फक्त तो लक्षात यायला आणखी पाच-सहा आठवडे लागतात. मोठ्या बॅटरीने अल्टरनेटर जळतो असे काही मेस्त्री सांगतात, तेही बरोबर नाही, कारण चार्जिंगचे व्होल्टेज रेग्युलेटर सांभाळतो. माझा आक्षेप वेगळा आहे : रोगावर उपाय न करता आपण जास्त पैसे देऊन बसतो, आणि त्या गाडीत मोठ्या बॅटरीला नीट जागाही नसते.

तेव्हा आधी तपासणी. साधा डिजिटल मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो, आणि जुनी गाडी सांभाळणाऱ्याच्या घरी तो असायलाच हवा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे बॉनेट सकाळी उघडून, काहीही चालू न करता, बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर मीटर लावावा. १२.६ व्होल्ट किंवा त्याहून थोडे अधिक दिसले तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. १२.४ ला ती सुमारे पाऊण, १२.२ ला अर्धी, आणि १२ ला जेमतेम पाव भरलेली असते. मीटर साडेदहाच्या आसपासच अडकला असेल, तर सहापैकी एक सेल मेला आहे असे समजावे, आणि मग नवी बॅटरी घेण्यावाचून इलाज नाही. नंतर इंजिन सुरू करून, थोडे रेस करून पुन्हा पाहावे. १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले तर अल्टरनेटर ठीक आहे. १३ च्या आसपासच घुटमळत असेल, तर दोष चार्जिंगचा आहे आणि नवी बॅटरीही त्याच वाटेने जाईल. शेवटी गाडी बंद असतानाची गळती ऑटो इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्यावी. ती पन्नास मिलिअँपिअरच्या पुढे असेल, तर एकेक फ्यूज काढून कोणत्या फ्यूजला आकडा खाली येतो ते बघतात, आणि चोर सापडतो. पन्नास मिलिअँपिअरने सुद्धा तीस दिवसांत ३६ एएच जातात, म्हणजे आपली अख्खी बॅटरी.

येथे एक कळकळीची सूचना. इंजिन चालू ठेवून बॅटरीचे टर्मिनल काढायचे आणि इंजिन बंद पडते का ते पाहायचे, ही अल्टरनेटर तपासण्याची पद्धत अजूनही काही गॅरेजांत चालते. अल्टरनेटरच्या आधी गाड्यांत डायनॅमो हे जुने जनित्र असे, त्या काळात ती खपून गेली असेल. आपली गाडी मात्र एमपीएफआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने पेट्रोल फवारणारी, आहे, आणि अशा वेळी अल्टरनेटरचे व्होल्टेज क्षणात उसळून गाडीचा कंट्रोल युनिट जळू शकतो. कोणी तसे करू लागला, तर त्याला थांबवावे.

एवढे पाहूनही बॅटरीच गेली आहे असे ठरले, तर पस्तीस एएचचीच घ्यावी. तिच्यावर ३८बी२०एल यासारखा क्रमांक छापलेला असतो. त्यातले ३८ हे तिच्या ताकदीचे मान, बी हे अक्षर रुंदी-उंचीचे माप, २० म्हणजे सेंटिमीटरमधील अंदाजे लांबी, आणि शेवटचे एल किंवा आर हे अक्षर टर्मिनल कोणत्या बाजूला आहे ते दाखवते. हे शेवटचे अक्षर जुन्या बॅटरीवर असेल तेच नव्या बॅटरीवर असले पाहिजे. याबाबतचा माझा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या गाडीसाठी हव्या त्या बाजूची बॅटरी दुकानात शिल्लक नव्हती, आणि ‘वायर थोडी ओढली की पुरते’ म्हणत त्यांनी उलट बाजूची बसवून दिली. मीही घाईत होतो. दोन महिन्यांनी बॉनेटखाली जळका वास आला म्हणून पाहिले, तर ताणलेली पॉझिटिव्ह वायर एका ब्रॅकेटच्या कडेवर घासून घासून तिचे रबर कापले गेले होते आणि आतली तांब्याची तार लखलखीत दिसत होती. आणखी एखादा आठवडा गेला असता, तर गाडीला आग लागली असती.

टर्मिनलांच्या जाडीकडेही लक्ष द्यावे. आपल्याकडच्या लहान गाड्यांत बारीक टर्मिनल असतात. जाड टर्मिनलावर बारीक क्लॅम्प हातोडीने ठोकून बसवला, तर आतली प्लेटांची जोडणी तडकते. उलट बारीक टर्मिनलावर मोठा क्लॅम्प पत्र्याची पट्टी घालून आवळला, तर तो ढिलाच राहतो. तसेच बॅटरी ट्रेमध्ये वरच्या पट्टीने पक्की आवळलेली हवी. सायकलच्या ट्यूबने बांधलेल्या बॅटऱ्या मी कितीतरी गाड्यांत पाहतो. अशी बॅटरी खड्ड्याखड्ड्याला नाचते आणि तिच्या प्लेटांवरचे द्रव्य झडून तळाशी साचते. आपल्या भागातले रस्ते पाहता, ही दहा-वीस रुपयांची पट्टी बॅटरीचे आयुष्य ठरवते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

कंपनीबाबत विचाराल, तर एक्साइड, अमरॉन, टाटा ग्रीन, एसएफ सोनिक यांपैकी कोणतीही चालेल. मी नावापेक्षा तारखेकडे पाहतो. बॅटरी दुकानाच्या फळीवर पडून असतानाही आतल्या आत उतरत असते. तयार झाल्याची तारीख किंवा सांकेतिक क्रमांक दुकानदाराकडून वाचून घ्यावा. तीन महिन्यांच्या आतली असेल तर उत्तम, सहा महिन्यांवरची असेल तर नम्रपणे दुसरी मागावी. गाडीत बसवण्यापूर्वी त्याच्याच मीटरवर व्होल्टेज पाहावे, आणि १२.५ हून कमी भरले तर आधी चार्ज करून द्यायला सांगावे. स्टार्ट-स्टॉपच्या नव्या गाड्यांसाठी असलेल्या महागड्या एजीएम बॅटरीची आपल्या गाडीला काहीही गरज नाही.

आणि नवी बॅटरी बसवल्यावर महिन्यातून एकदा तरी गाडी तासभर मोकळ्या रस्त्यावर न्यावी, किंवा घरीच लहान चार्जरवर रात्रभर लावावी. आपल्या बाबतीत खरे औषध हेच आहे.

प्रश्न : उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. माझ्या पंधरा वर्षांच्या गाडीची बॅटरी दर दोन-अडीच वर्षांनी बदलावी लागते. सीलबंद बॅटरी घ्यावी की पाणी घालण्याची? – एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : बॅटरी थंडीत दगा देते, पण तिला मारते ती उष्णता. तापमान दर दहा अंशांनी वाढले की आतल्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, आणि त्यात प्लेटांची जाळी गंजण्याची क्रियाही येते. बॉनेटखालचे तापमान बाहेरच्या हवेहून कितीतरी जास्त असते, हे लक्षात घेतले तर विदर्भात दोन-अडीच वर्षे टिकलेली बॅटरी वाईट होती असे मी म्हणणार नाही.

आपल्यासाठी माझी पसंती पाणी घालता येणाऱ्या, वर बुचे असलेल्या बॅटरीला आहे, मात्र दर महिन्याला बुचे उघडून पाहण्याची आपली तयारी असली तर. उन्हात पाणी उडतेच. सीलबंद बॅटरीत ते भरून काढता येत नाही, आणि तिच्यावरचा हिरवा ठिपका सहापैकी एकाच सेलची स्थिती सांगतो. बुचांच्या बॅटरीत हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) घालून प्रत्येक सेल वेगळा तपासता येतो. पूर्ण चार्ज झालेल्या सेलमध्ये तो १.२५० ते १.२८० च्या दरम्यान काही दाखवील. एखादा सेल इतरांपेक्षा ०.०५० हून अधिक मागे पडला असेल, तर बॅटरीचे दिवस भरत आले असे समजावे. हे ज्यांच्याकडून होणार नाही, त्यांनी सीलबंदच घ्यावी. कोरड्या पडलेल्या बुचांच्या बॅटरीपेक्षा ती केव्हाही बरी.

पाणी म्हणजे फक्त डिस्टिल्ड वॉटर. बोअरचे नाही, आरओचे नाही, एसीच्या नळीतून ठिबकणारेही नाही, कारण ते पाणी तांब्या-ॲल्युमिनियमच्या कॉइलवरून वाहत आलेले असते. प्लेटा बुडतील इतपत पाणी आधी आणि वरच्या खुणेपर्यंतचे पाणी चार्जिंग झाल्यावर घालावे, नाहीतर ते उतू येते. ॲसिड कधीही वरून घालू नये. पाणी उडते, ॲसिड आतच राहते. बॅटरीभोवती कंपनीने दिलेले कापडी किंवा प्लॅस्टिकचे आवरण असेल, तर ते नव्या बॅटरीवरही चढवावे. मेस्त्री ते बहुधा फेकून देतात. आणि पाणी फार झपाट्याने उतरत असेल, कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर उन्हाला दोष देण्याआधी चार्जिंगचे व्होल्टेज मोजून घ्यावे. १४.८ च्या वर गेले असेल, तर रेग्युलेटर बिघडला आहे.

प्रश्न : आमची २०१० सालची डिझेल गाडी गावच्या घरी असते. मुलगा मुंबईहून गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात येतो, तेव्हाच ती चालते. शेजारी दर रविवारी पाच मिनिटे इंजिन चालू करून ठेवतात. तरी बॅटरी बसते. – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : शेजाऱ्यांच्या आपुलकीबद्दल आदर ठेवून सांगतो, की ही पाच मिनिटे बंद करावीत. डिझेल इंजिन हवा दाबून तापवूनच पेट घेते. पेट्रोल इंजिनात हवा नऊ-दहा पट दाबली जाते, तर आपल्यासारख्या डिझेल इंजिनात सतरा-अठरा पट, आणि जुन्या इंजिनांत त्याहूनही जास्त. त्यामुळे सेल्फ मारायला दुप्पट-तिप्पट करंट लागतो, शिवाय आधी ग्लो प्लग, म्हणजे इंजिनातले विजेवर तापणारे प्लग, तापवायचे. इंजिन नुसते आयडलवर पाच मिनिटे चालले, तर जेवढे घेतले तेवढेच जेमतेम परत मिळते. इंजिनही पुरते तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचते, ते वेगळेच.

त्याऐवजी मुलगा परत जाताना दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवू दे. आधी निगेटिव्ह काढायचे आणि लावताना ते शेवटी लावायचे, हा क्रम पाळावा. पॉझिटिव्ह सोडवताना पाना गाडीच्या पत्र्याला टेकला, तरी निगेटिव्ह सुटलेले असले की ठिणगी पडत नाही. महिन्यातून एकदा शेजाऱ्यांनी चार्जर लावला तर फारच उत्तम. बॅटरी साठ एएचची असेल तर सहा अँपिअरपर्यंतचा चार्जर पुरे. खोली मोकळ्या हवेची हवी, जवळ विडी-काडी नको, आणि चिमटे काढण्यापूर्वी चार्जरचे बटण बंद करायचे, कारण चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू सुटतो आणि त्याला एक ठिणगी पुरते.

नवी बॅटरी घेण्याआधी मात्र कोकणातल्या गाडीत मी प्रथम अर्थिंग पाहीन. खाऱ्या हवेने इंजिन आणि बॉडी यांमधली अर्थिंगची पट्टी हिरवी पडते, बोल्टखाली गंज धरतो, आणि मग चांगल्या बॅटरीलाही सेल्फ जड जातो. ही पट्टी काढून, पत्रा घासून, पुन्हा आवळल्यावर ‘बसलेली’ बॅटरी पुढे वर्षभर चाललेली मी पाहिली आहे. टर्मिनलांवरची पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावी, कोरडे करावे, क्लॅम्प आवळावा, आणि त्यानंतर वरून व्हॅसलिन लावावे. ट्रेचा पत्रा खालून कुजला आहे का, तेही त्याच वेळी बघून घ्यावे.

प्रश्न : वडिलांची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी मी पुन्हा चालती केली आहे. तिला अजून डायनॅमोच आहे. तिच्यात आजची सीलबंद बॅटरी चालेल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली ती गाडी आपण राखली आहे, याचा मनापासून आनंद वाटला. बॅटरी चालेल, पण टिकेल असे सांगता येत नाही. डायनॅमो आयडलवर जवळजवळ काहीच चार्ज करत नाही, आणि जुना कट-आउट रेग्युलेटर ज्या व्होल्टेजवर बसवलेला असतो, ते त्या काळच्या बॅटऱ्यांना पुरेसे होते. आजच्या कॅल्शियमच्या सीलबंद बॅटऱ्यांना पूर्ण भरायला त्याहून थोडे अधिक व्होल्टेज लागते, म्हणून त्या अशा गाडीत कायम अर्धपोटी राहतात. आपण बुचांची, पाणी घालण्याची बॅटरीच घ्यावी, तिची उंची बॉनेट लावून तपासावी, आणि रात्रीचे दिवे लावून फिरणे झाले की दुसऱ्या दिवशी तिला चार्जर दाखवावा. पद्मिनीबाबत ही अडचण येणार नाही, परंतु ब्रिटिश घराण्याची याहून जुनी गाडी कोणाकडे असेल, तर बॉडीला पॉझिटिव्ह जोडलेले आहे की निगेटिव्ह, हे पाहिल्याशिवाय बॅटरी बसवू नये.

प्रश्न : घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची बॅटरी गाडीत वापरता येईल का? – एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीतल्या प्लेटा जाड असतात आणि तासन्‌तास थोडा थोडा करंट देण्यासाठी केलेल्या असतात. गाडीच्या बॅटरीत पातळ आणि पुष्कळ प्लेटा असतात, म्हणून ती क्षणात शेकडो अँपिअर देऊ शकते. उलट प्रयोगही करू नये. गाडीची बॅटरी इन्व्हर्टरला लावली, तर भारनियमनाच्या एका मोसमातच ती संपते.

प्रश्न : वॉरंटीवर ‘२४ अधिक २४’ लिहिले होते, तरी अडीच वर्षांनी बॅटरी गेली तेव्हा पैसे मागितले. ही फसवणूक नाही का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : फसवणूक नाही, पण दुकानात हे कोणी समजावून सांगत नाही, हे खरे. पहिले २४ महिने बॅटरी विनामूल्य बदलून मिळते. नंतरच्या २४ महिन्यांत नव्या बॅटरीच्या किमतीत ठरावीक टक्के सूट मिळते, आणि ती जसजसे महिने जातात तसतशी घटत जाते. ही सूट बहुधा छापील किमतीवर मोजली जाते. दुकानदार एरवीही छापील किमतीपेक्षा कमीत देत असल्यामुळे, शेवटच्या काही महिन्यांत ती सूट घेण्यापेक्षा सरळ नवी घेणे स्वस्त पडते. दोन्ही आकडे विचारून मगच ठरवावे. घेताना पहिला आकडा मोठा असलेली बॅटरी निवडावी, दुसऱ्याला मी फारसे महत्त्व देत नाही.

जुनी बॅटरी दिल्यास किमतीत वजावट मिळते, तीही आधीच ठरवून घ्यावी. बॅटरीच्या वजनातला निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो, आणि त्या शिशाला भाव असतो. चार पैसे जास्त मिळतात म्हणून ती भंगारवाल्याला देऊ नये. तेथे ॲसिड गटारात ओतले जाते आणि शिसे उघड्यावर वितळवले जाते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या योग्य पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून ती विक्रेत्याकडेच परत करावी. आणि नवी घेऊन दुकानातून निघण्यापूर्वी वॉरंटी कार्डावर बॅटरीचा क्रमांक, गाडीचा नंबर, विक्रीची तारीख आणि दुकानाचा शिक्का आहे ना, हे स्वतः वाचून पाहावे आणि बिलासह त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवावा, कारण ते कार्ड गाडीच्या कप्प्यात दोन पावसाळे काढले की त्यावरची शाई वाचता येत नाही.